चुकीच्या उत्तरांची वकील

तो दुसरा पर्याय मी लिहिला होता. हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही. ऑफिसात नाही, बायकोला नाही, आईला तर नाहीच. ज्यांना सांगायला हवं होतं त्या बाईंना सांगायची वेळ एकदा अगदी समोर येऊन उभी राहिली होती. तेव्हा मी पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला.

पर्याय म्हणजे परीक्षेतला पर्याय. शाळकरी मुलांच्या चाचण्या तयार करणाऱ्या एका कार्यालयात मी काम करतो, नागपुरातच. पाचवीच्या मुलांसाठी आम्ही भाषेची एक चाचणी काढतो. शहरातली शाळा असो की खेड्यातली, सगळ्यांना प्रश्न तेच. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक बरोबर. त्या गुणांवर काही मुलांना निवासी शाळेत जागा मिळते. शिकणं, राहणं, जेवण सगळं तिथेच. या जागेची वाट पाहणारी घरं मी पाहिलेली आहेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मी समन्वयक. प्रश्न लिहिणारे वेगळे, तपासणारी समिती वेगळी, आणि मधला मी. प्रश्न कोणी लिहिला हे समितीला कळू द्यायचं नाही, आणि समन्वयकानं स्वतः प्रश्न लिहायचा नाही, असे दोन नियम होते. आजही आहेत.

बाई त्या समितीवर होत्या. नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना नुसतं बाईच म्हणायचो आणि त्यांच्या माघारी वकीलबाई. अंगानं बारीक, सुती साडी, आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. सक्करदऱ्याला राहायच्या. बसनं यायच्या, आणि दोन थांबे आधीच उतरून चालत यायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "बसमधून काय दिसते? लोकायच्या हाताचे कोपरं."

पर्समध्ये फुटाण्यांची पुडी असायची. बैठकीत कोणी उतारा वाचायला लागलं की बाई एकेक फुटाणा तोंडात टाकायच्या. उतारा चांगला असला तर फुटाणा तसाच गालात राहायचा. फुसका असला की कडाम कडाम आवाज सुरू. मराठीचे एक प्राध्यापक समितीवर होते, गोरे, घारे, गळ्यात चष्म्याची दोरी. वाचता वाचता त्यांचं अर्धं लक्ष त्या आवाजाकडे असायचं. एकदा वैतागून म्हणाले, "बाई, हा उतारा मी स्वतः निवडला आहे."

"म्हणून तं हळू चावून राहिली, प्रोफेसर साहेब."

बाई उत्तम प्रमाण मराठी लिहायच्या. त्यांनी सुधारलेल्या प्रश्नात एक शब्द इकडचा तिकडे करावा लागत नसे. पण बैठकीत बोलायच्या आपलीच भाषा. एका नवीन सदस्यानं दबकत सुचवलं की इथे आपण सगळे प्रमाण भाषेत बोलतो. बाई म्हणाल्या, "प्रश्न मी प्रमाण भाषेत वाचीन. भांडण माझ्या भाषेत करीन." आणि तसंच करायच्या. नाही म्हणायचं तर त्यांना फार शब्द लागायचे. हो म्हणायला एकच, "हौ".

आमची अंतिम वाचनाची बैठक मे महिन्यात असायची. आमच्या कार्यालयाच्या साहेबांच्या खोलीला लागून एक सभागृह होतं, एसी लावलेलं, पडदे ओढलेले. पहिल्याच वर्षी बाई कागद घेऊन उठल्या आणि दार उघडून व्हरांड्यात गेल्या. नागपूरचा मे, दुपारची वेळ. आम्हाला वाटलं फोन आला असेल. दहा मिनिटं झाली तरी येईनात, म्हणून मी पाहायला गेलो. बाई खांबाला टेकून पेपर वाचत होत्या. मानेवरून घाम चालला होता.

"बाई, आत बसा ना. इथे काय?"

"भाऊ, पोट्टे टिनाच्या खाली बसून वाचतात. तुमच्या त्या गारव्यात कोणताही प्रश्न सोपा वाटते."

पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्यांनाच बाहेर काढलं. प्राध्यापक, साहेब, दोन मुख्याध्यापक, मी, सगळे ओळीनं व्हरांड्यात उभे, हातात पेपर. तळ्यावर येणाऱ्या पक्ष्यांवरचा एक लांबलचक उतारा होता. निम्म्यात आल्यावर साहेबांनी रुमाल काढला. शेवटच्या परिच्छेदाला प्राध्यापक म्हणाले, "हे जरा कमी करता येईल." बाईंनी नुसतं पाहिलं. तो उतारा आम्ही तिथेच उभ्या उभ्या निम्मा केला.

वकीलबाई हे नाव पडलं ते निराळ्याच सवयीमुळे. चाचणीच्या आधी आम्ही थोड्या शाळांमध्ये प्रश्न तपासून पाहतो. निकाल आला की समिती पाहते, किती मुलांचं बरोबर आलं. बाई ते पाहायच्याच नाहीत. चुकलेल्यांचे कागद पुढ्यात ओढायच्या आणि त्यांची बाजू लढवायच्या. "बरोबर उत्तर काहून दिलं हे विचारू नका, थे त्याले कोणीतरी शिकवलं असन. चुकीचं उत्तर काहून दिलं थे विचारा. तिथं पोट्टं स्वतः असते."

एक प्रश्न होता: पुढीलपैकी कोणती वस्तू स्वयंपाकघरात नसते? कढई, पोळपाट, पलंग, डबा. इतका सरळ प्रश्न की कोणी त्यावर थांबलंच नव्हतं. बाई थांबल्या.

"पोळपाट चूक नाही."

"पण उत्तर पलंग आहे ना बाई," एक मुख्याध्यापक म्हणाले.

"तुमच्या घरी आहे. एका खोलीत राहणाऱ्या पोट्ट्याच्या स्वयंपाकघरात पलंगच असते. पलंगावर बाप झोपते, पलंगाखाली डबे राहतात. त्याच्या घरी पोळपाट नसन एखाद्या वेळी. भाकरी हातावर होते. त्यानं पोळपाट लिहिलं तं तुम्ही शून्य देता. कायचं शून्य? खोटं बोलला नाही त्याचं?"

प्रश्न पेपरातून गेला.

त्याच सुमारास वरून सूचना आल्या होत्या की पेपर संवेदनशील असावा, मुलांच्या मनाला लागेल असं त्यात काही नको. झालं, समितीत पुसापुशी सुरू झाली. दारू नको. कर्ज नको. मटण नको. एका उताऱ्यात मुलीचे आजोबा वारतात आणि ती त्यांची छत्री वापरायला लागते, असं होतं. प्राध्यापकांनी सुचवलं, वारले नको, आजोबा गावी गेले असं करू.

मला वाटलं, बाई खूश होतील. मुलांच्या मनाचा विचार करणाऱ्या त्या. पण त्यांनी फुटाणे खाली ठेवले.

"गावी गेले तं परत येतात नं? मंग छत्री काहून वापरून राहिली ते पोरगी? मागल्या साली जिचा आजा मेला, ते पोरगी पेपर सोडून वाट पाहत बसन."

"बाई, 'वारले' हा शब्द कठोर आहे."

"मरण कठोर आहे. शब्द तं चांगला आहे गा." मग जरा हळू बोलल्या, "शब्द मऊ केला म्हणजे पोट्ट्याचं भलं होत नाही, प्रोफेसर साहेब. त्याले उताऱ्यात बसाले जागा पायजे. तुम्ही पुसून पुसून अशी खोली केली का जिथं कोणी राहतच नाही."

आजोबा वारलेलेच राहिले.

माझ्याशी त्या वेगळ्या वागायच्या असं नाही, पण एकदा चहाच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "तुमचं गाव कोणतं गा, भाऊ?"

"शिक्षण पुण्याला झालं."

"मी शिक्षण नाही विचारलं."

मी हसून कप ठेवला आणि फाइल आणायला गेलो.

माझं गाव नागपूरपासून तासाभरावर आहे. गाव म्हणजे कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राची वसाहत. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. बाई ज्या शाळेतून निवृत्त झाल्या ती त्याच वसाहतीला लागून आहे. त्या तिथे बदलून आल्या तेव्हा मी बारावी करून पुण्याला निघून गेलो होतो, त्यामुळे त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. पुण्यात पहिल्या वर्षी मी 'मला'ऐवजी 'मले' म्हणालो तेव्हा सगळा वर्ग हसला. ते हसणं मी फार मनावर घेतलं. दोन वर्षांत माझी भाषा अशी झाली की मी कुठला हे कोणाला ओळखू येईना. परत नागपूरला आलो तरी ती भाषा काही मी उतरवून ठेवली नाही. ऑफिसात सगळे मला पुण्याचाच समजायचे. मी त्यांचा समज तसाच राहू दिला.

बाई निवृत्तीनंतरही दर शनिवारी बसनं त्या शाळेत जायच्या, मुलांना गोष्टी सांगायला. कोणी बोलावत नव्हतं, पगार नव्हता. शनिवार आला की बूट घालायचे आणि निघायचं. एका शनिवारी आम्ही बैठक लावली तर म्हणाल्या, "शनिवारी मी नाही. शनिवारी माझी शाळा असते." त्यानंतर बैठका आम्ही शुक्रवारी घ्यायला लागलो.

पलंगाचा प्रश्न गेला तो पेपर छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी. एक जागा रिकामी झाली. लिहिणाऱ्यांपैकी कोणी फोन उचलेना, साहेब म्हणाले संध्याकाळपर्यंत पेपर पूर्ण पाहिजे. मी माझ्या टेबलावर बसलो आणि स्वतःच एक प्रश्न लिहिला. नियम मला माहीत होता. एका प्रश्नानं काय होतं, असं वाटलं.

'जोराचा वारा सुटला. आईने धावत जाऊन दोरीवरचे कपडे घरात आणले. आईने असे का केले?' पहिला पर्याय, पाऊस येणार होता. तो बरोबर. आता तीन चुकीचे हवे होते, आणि आमच्या धंद्यात चुकीचा पर्यायही थोडा खरा वाटावा लागतो. दुसरा पर्याय माझ्या हातून आपोआप लिहिला गेला: राख पडू लागली होती. तिसरा पाहुण्यांचा होता, चौथा आता आठवत नाही.

आमच्या वसाहतीत राख पडताना दिसायची नाही. ती नंतर सापडायची. पांढऱ्या चादरीवरून बोट फिरवलं की कळायचं. वाऱ्यानं तोंड फिरवलं आणि वीजकेंद्राच्या चिमण्यांकडून यायला लागला की माझी आई हातातलं काम टाकून अंगणात धावायची. आख्ख्या रांगेतल्या बाया धावायच्या. "अवं, कपडे काढ वं, वारा फिरला!" अशी एका दारातून दुसऱ्या दारात हाक जायची. राहिले ते कपडे पुन्हा धुवावे लागायचे, आणि नळाच्या पाण्याला तर ठरलेली वेळ असायची. पावसासाठी आई कधी अशी धावली नाही. पावसात कपडे नुसते ओले होतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी बरोबर म्हणून मी पाऊस धरला. पेपर तयार करताना आमच्या डोळ्यांपुढे एक आकाश असतं, सगळ्यांचं म्हणून धरलेलं. त्या आकाशातून राख पडत नाही. माझ्या आईचं उत्तर मी माझ्या हातानं चुकीच्यांत नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीचं शेवटचं वाचन झालं. बाई नेहमीप्रमाणे व्हरांड्यात गेल्या. परत आल्या तेव्हा तोंडात फुटाणा नव्हता.

"हा नवीन प्रश्न कोणी लिहिला?"

"लिहिणाऱ्याचं नाव सांगता येत नाही, बाई. आपला नियम आहे," मी म्हणालो.

"नाव नका सांगू. पण ज्यानं कोणी लिहिला तो आपल्याकडचा आहे. शहरातल्या माणसाले हा दुसरा पर्याय सुचणारच नाही." मग सगळ्यांना म्हणाल्या, "याले दोन उत्तरं आहेत. माझ्या शाळेतले पोट्टे राख लिहिणार."

प्राध्यापक हसले. "राख काय आकाशातून पडते बाई? नागपुरात ज्वालामुखी आहे का?"

"या एखाद्या शनिवारी माझ्या शाळेत. पांढरा शर्ट घालून या."

सगळे हसले, साहेबसुद्धा. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा गा, भाऊ. ठेवायचा का काढायचा?"

काढला असता तर नवीन प्रश्न लागला असता आणि हा कुठून आला अशी विचारपूस झाली असती. माझी नेमणूक तेव्हा कच्ची होती. ती पक्की करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. मी माझ्या त्या स्वच्छ मराठीत म्हणालो, "वारा आणि पाऊस हे सर्वसाधारण अनुभवाला धरून आहे. प्रश्न राहू द्यावा."

बाई खाली बसल्या. भांडल्या नाहीत. त्या भांडल्या नाहीत याचं मला तेव्हा बरं वाटलं.

हिवाळ्यात चाचणी झाली. मिहान उद्योगवस्तीतल्या एका कंपनीचा तरुण मुलगा आमचे निकाल यंत्रावर तपासून द्यायचा. हुशार, नम्र, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. तो म्हणाला, एका शाळेत घोळ आहे. वेगवेगळी मुलं वेगवेगळं चुकतात. एका वर्गातली जवळजवळ सगळी मुलं एकाच प्रश्नाला एकच चुकीचं उत्तर देतात, तेव्हा यंत्र त्याला कॉपी म्हणतं. बरोबर उत्तरं सारखी आली तर यंत्राला चालतात. चुकीची सारखी आली की संशय.

शाळा बाईंची होती, आणि उत्तर राख.

पुढचं सगळं इतकं सरळ गेलं की मला आजही त्याची भीती वाटते. साहेबांनी बैठकीचे कागद काढले. या प्रश्नाला राख हेच उत्तर आहे असं भरसभेत कोण म्हणालं होतं? बाई. त्या शाळेत दर शनिवारी कोण जातं? बाई. पेपर आधी कोणी पाहिला होता? बाईंनी. मुलांसाठी त्या जे बोलल्या होत्या तेच त्यांच्यावर पुरावा म्हणून आलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना निकाल लावायचा होता. सभागृहात सगळ्यांना बसवून त्यांनी नीट, आवाज न चढवता सांगितलं. "बाई, दोनच शक्यता आहेत. वर्गात कॉपी झाली असेल तर त्या सगळ्या वर्गाचा निकाल रद्द होतो, ती मुलं निवासी शाळेच्या यादीतून जातात. पण बाहेरच्या कोणी प्रश्न फोडला असेल तर मुलांचा दोष नाही. तेवढा एक प्रश्न सगळ्यांसाठीच वगळायचा आणि निकाल लावायचा."

"आणि पोट्ट्यायनं आपल्या मनानं लिहिलं असन, तं?"

"ते सिद्ध कोण करणार?"

बाई म्हणाल्या, "चला नं शाळेत. तासाभराचा रस्ता आहे."

"बाई, निकाल परवा लावायचा आहे. आणि तिथे जाऊन काय, वाऱ्याची वाट पाहत बसायचं?"

प्राध्यापक आढ्याकडे पाहत होते. बाईंनी टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं. माझ्यावर आल्या तेव्हा थांबल्या. हीच ती सांगायची वेळ होती. साहेब, मी तिथलाच आहे, माझी आई कपडे काढायला धावायची, हा पर्याय मी माझ्या हातानं लिहिला. एवढंच बोलायचं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी कोमट होतं, तेही मी सगळं प्यालो. ग्लास खाली ठेवला तोवर बाईंची नजर पुढे गेली होती.

मग त्या म्हणाल्या, "होय. मी तो प्रश्न मुलांना आधी सांगितला होता. दोष माझा आहे. मुलांचा काहीही संबंध नाही."

प्रमाण मराठीत. त्या खोलीत इतकी वर्षं त्या बोलल्या, पण अशा कधी बोलल्या नव्हत्या. 'हौ'सुद्धा म्हणाल्या नाहीत. भांडण आपल्या भाषेत करीन म्हणाल्या होत्या, आणि हे भांडण नव्हतं. पेपरात उत्तर लिहावं तसं त्या ते वाक्य बोलल्या, आणि ते चुकीचं होतं.

चुकीचं उत्तर काहून दिलं, हे कोणी विचारलं नाही. ज्या बाईंनी वर्षानुवर्षं अनोळखी पोरांच्या चुकलेल्या उत्तरांसाठी त्या टेबलावर हात आपटला, त्यांच्या एका चुकीच्या उत्तरासाठी टेबलावरचा एकही हात हलला नाही. साहेब म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या आवाजात सुटका होती. माझ्याही छातीत तीच होती, हे कबूल करतो.

समितीतून त्यांना काढलं. त्यांनी शाळेच्या आवारात येऊ नये, असं तिथल्या मुख्याध्यापकांना कळवण्यात आलं. ते कळवण्याचं काम माझ्याकडे होतं. निकाल ठरल्या दिवशी लागला. त्या वर्गातल्या काही मुलांना जागा मिळाली.

त्या कबुलीच्या दिवशी बैठकीनंतर जिन्यात त्या मला भेटल्या. खाली वाकून बुटाची नाडी बांधत होत्या. मी थांबलो. काय बोलणार होतो माहीत नाही, पण थांबलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाऊ, आई आहे का तुमची?"

"आहे."

"तुमच्याजवळच राहते?"

"हो."

"कपडे कुठं वाळवते आता?"

"गॅलरीत," मी म्हणालो.

"बरं." नाडी बांधून झाली. त्यांनी पर्समधून पुडी काढली, चार फुटाणे माझ्या हातावर ठेवले आणि कठडा धरून खाली उतरल्या.

मला रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

माझी नेमणूक पक्की झाली. आता मी शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो. त्यात 'सामूहिक कॉपी आणि पेपरफुटी कशी ओळखावी' असा एक भाग आहे आणि त्यात उदाहरण म्हणून तो प्रश्न दाखवतात. मीच दाखवतो. पडद्यावर आईचे कपडे येतात आणि दुसऱ्या पर्यायाभोवती लाल गोल येतो. यंदा मागच्या रांगेतली एक तरुण शिक्षिका उठून उभी राहिली. म्हणाली, "सर, पण आमच्याकडे पडते राख. मी तिथंच शिकवते." सभागृहात हशा पिकला. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली, मी काही म्हणेन म्हणून. मी म्हणालो, "पुढे जाऊ या." ती बसली. त्या दिवशी मी घरी आलो. आणि हे लिहायला घेतलं.

आई आता थकली आहे. आमचा फ्लॅट चांगल्या वस्तीत आहे, चौथ्या मजल्यावर, जवळपास कुठे चिमणी नाही. तरी वारा सुटला की ती भिंत धरत धरत गॅलरीत जाते आणि ओलेच कपडे काढून आत आणते. बायको म्हणते, "आई, राहू द्या ना, ऊन आहे." आई म्हणते, "वारा फिरला वं." मी वर्तमानपत्र वाचत राहतो.

बाई सक्करदऱ्यालाच आहेत. तलावाच्या बाजूनं सकाळी चालताना मी त्यांना दोनतीनदा पाहिलं, तेच बूट, चाल हळू झालेली. एकदा स्कूटर बाजूला लावूनही उभा राहिलो. शनिवार होता. त्या तलावाला एक फेरी घालून घरी गेल्या. शनिवारी आता त्यांना दुसरं कुठे जायचं नसतं.

बाईंचं मी काय देणं लागतो ते मला नीट माहीत आहे. त्याच सभागृहात, जे कोणी त्या दिवशी बसले होते त्यांच्यासमोर उभं राहून मला सांगायचं आहे की बाई त्या दिवशी खोटं बोलल्या, त्या खोटं का बोलल्या, आणि तो दुसरा पर्याय मी लिहिला होता. तो खरा होता हेही सांगायचं आहे, आणि त्यांच्यासाठी त्या शाळेचं फाटक मी बंद केलं तसं मलाच उघडून द्यायचं आहे. हे इथे लिहिलं आहे. तिथे अजून सांगितलेलं नाही.